गणितात पाच व्होल्ट, मीटरवर पावणेपाच : फरक नेमका कुठून येतो?

लक्षण असं असतं. सर्किट साधं, दोन-चार रेझिस्टर आणि एक सप्लाय. कागदावर किर्चहॉफचे नियम (एका बिंदूत येणारा आणि जाणारा करंट सारखा, एका वेढ्यातल्या व्होल्टेजांची बेरीज शून्य) लावले, उत्तर आलं. मग मीटर लावला तर आकडा जुळत नाही. रेझिस्टर बदलले, बॅटरी बदलली, ब्रेडबोर्डही बदलला, तरी फरक जागच्या जागी. कधी आकडा थोडा कमी, कधी निम्म्याहून कमी, तर कधी जिथे काहीच नसायला हवं तिथे शंभर व्होल्ट. आणि सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार म्हणजे त्याच दोन बिंदूंवर लावलेले दोन चांगले मीटर दोन वेगळे आकडे दाखवतात.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला : "टॉलरन्स असेल" (म्हणजे रेझिस्टरची खरी किंमत छापील किमतीहून थोडी वेगळी असेल) किंवा "मीटर गेला असेल". दोन्ही शक्य आहे आणि दोन्ही पाच मिनिटांत तपासता येतं. एक टक्क्याच्या दोन सारख्या रेझिस्टरांच्या विभाजकात (व्होल्टेज वाटून घेणाऱ्या जोडीत) टॉलरन्समुळे पाच टक्क्यांची तूट पडू शकत नाही. मीटर बिघडला असेल तर तो नुसत्या बॅटरीवर लावला तरी चुकीचाच आकडा दाखवेल. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या आणि तरीही आकडा जुळत नसेल, तर बहुतेक वेळा गणितही बरोबर असतं आणि मीटरही. फक्त कागदावरचं सर्किट वेगळं आणि टेबलावरचं वेगळं. टेबलावर असं काहीतरी आहे जे आकृतीत काढलेलंच नाही : मीटरचा स्वतःचा रोध, तारांमधला कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता), प्रोबच्या तारांच्या वेढ्यातून जाणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र. ते काय आहे हे शोधून काढलं की काम झालं.

आधी कागद

चिन्हांचा घोळ नसल्याची खात्री करूनच मीटरकडे वळा. प्रत्येक घटकावर करंटचा बाण काढा आणि बाण जिथे आत शिरतो त्या टोकाला अधिक चिन्ह द्या. करंट खरोखर कुठल्या दिशेने जातो याचा अंदाज बांधत बसू नका. उत्तर उणे आलं तर दिशा उलटी आहे, इतकाच त्याचा अर्थ. ते उत्तर चूक नसतं. चूक होते ती उणे उत्तर पाहून मध्येच बाण फिरवल्यामुळे, कारण मग अर्धी समीकरणं जुन्या बाणांची आणि अर्धी नव्या बाणांची राहतात.

नंतर पॉवरची बेरीज करा. वरच्या पद्धतीने चिन्हं दिली असतील तर सर्व घटकांच्या व्होल्टेज गुणिले करंटची बेरीज शून्य आलीच पाहिजे. बर्नार्ड टेलेगेन यांनी १९५२ साली मांडलेलं प्रमेय हेच सांगतं, आणि घटक कुठल्याही जातीचे असले तरी ते लागू पडतं. उदाहरणार्थ, १२ व्होल्टची बॅटरी आणि ५ व्होल्टची बॅटरी एकमेकींच्या विरोधात, मध्ये ७ ओहमचा रेझिस्टर. करंट १ अँपिअर. मोठी बॅटरी १२ वॅट देते (उणे १२), रेझिस्टर ७ घेतो, लहान बॅटरी ५ घेते, कारण ती इथे चार्ज होते आहे. बेरीज शून्य. लहान बॅटरीही "देणारी" समजून चाललात तर बेरीज उणे १० येते आणि चूक तिथेच पकडली जाते. मात्र या चाचणीला एक मर्यादा आहे. ती आकडेमोडीतली विसंगती पकडते, आकृतीतली उणीव नाही. मुळात आकृतीच अपुरी असेल तरी बेरीज सुखेनैव शून्य येईल.

मीटर सर्किटमध्ये शिरतो

सर्वात जास्त तक्रारी या एका कारणापाशी येऊन थांबतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

१० व्होल्टच्या सप्लायवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडले. खालच्या रेझिस्टरवर ५ व्होल्ट हवेत. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टेजसाठीचा आतला रोध १० मेगाओहम असतो. मीटर लावताच तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो. १ आणि १० मेगाओहम समांतर म्हणजे ०.९०९ मेगाओहम, आणि विभाजक आता देतो ४.७६ व्होल्ट. पावणेपाच! मीटर खोटं बोलत नाही. त्या क्षणी तिथे खरोखर ४.७६ व्होल्टच आहेत. मीटर काढला की पुन्हा ५ होतात, पण ते बघायला तिथे कोणी नसतं.

काट्याचा मीटर असेल तर अवस्था आणखी बिकट. २० किलोओहम प्रति व्होल्ट संवेदनशीलतेचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर २०० किलोओहमचा असतो. तो दाखवेल १.४३ व्होल्ट. तोच मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर टाका, रोध १ मेगाओहम होतो आणि काटा ३.३३ वर जातो. रेंज बदलल्यावर आकडा बदलत असेल तर काट्याच्या मीटरबाबतीत आणखी पुराव्याची गरज नाही.

या प्रकारात हमखास विचारला जाणारा उपप्रश्न : "वरच्या रेझिस्टरवर ४.७६, खालच्यावर ४.७६, बेरीज ९.५२. मग उरलेले अर्धा व्होल्ट गेले कुठे? किर्चहॉफचा नियम मोडला का?" नाही. दोन मापनं दोन वेगळ्या सर्किटांची आहेत. पहिल्यात मीटर वर होता, दुसऱ्यात खाली. ज्या क्षणी खालच्या रेझिस्टरवर ४.७६ होते त्या क्षणी वरच्यावर ५.२४ होते, आणि ती बेरीज चोख १० भरते. बेरीज करायची तर सगळे आकडे एकाच सर्किटचे हवेत. एकाच मीटरने एकामागून एक घेतलेले आकडे एका सर्किटचे असतीलच असं नाही.

खात्री करण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे तसाच दुसरा मीटर पहिल्याला समांतर लावणं. आकडा हलला नाही तर मीटरचा भार हे कारण नाही, पुढे चला. हलला तर कारण सापडलं, आणि त्याच दोन आकड्यांतून खरं उत्तरही काढता येतं. वरच्या उदाहरणात एक मीटर ४.७६२ दाखवतो, दोन लावले की ४.५४५. त्यांचे व्यस्तांक घ्या : ०.२१ आणि ०.२२. दर मीटरमागे ०.०१ ची भर पडते आहे, म्हणजे एकही मीटर नसताना व्यस्तांक ०.२० असणार, आणि एक भागिले ०.२० म्हणजे ५ व्होल्ट. थेवेनिनच्या सममूल्य सर्किटाचा (रेखीय सर्किटाऐवजी एक स्रोत आणि एक रोध धरता येतो, या नियमाचा) हा सरळ परिणाम आहे, त्यामुळे आतलं सर्किट कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ते रेखीय आहे आणि दोन्ही मीटर सारखे आहेत तोवर हे चालतं. रेझिस्टरच्या किमती माहीत नसल्या तरीही.

करंटच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. अँमीटरचा रोध शून्य नसतो. १ व्होल्ट आणि १० ओहमच्या सर्किटात १०० मिलिअँपिअर हवेत. मीटरच्या आत १ ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठीचा लहान रोध) असेल तर दिसतील ९१. शक्य असेल तेव्हा वरची रेंज वापरा, तिथे शंट लहान असतो. किंवा सर्किटात आधीपासून असलेल्या एखाद्या माहीत रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून भागाकार करा. सर्किट तोडावं लागत नाही हा वरचा फायदा.

एसीमध्ये ६ आणि ८ मिळून १०

रेझिस्टर आणि कपॅसिटर एकसरीत, पुरवठा १० व्होल्ट एसी. रेझिस्टरवर ६, कपॅसिटरवर ८. बेरीज १४! इथे काहीही बिघडलेलं नाही. दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, त्यांच्यात ९० अंशांचं अंतर आहे, आणि मीटर फक्त परिमाण दाखवतो, कला दाखवत नाही. ३६ अधिक ६४ बरोबर १००, वर्गमूळ १०. किर्चहॉफचा नियम प्रत्येक क्षणाच्या मूल्यांना लागू आहे, मीटरवरच्या आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आकड्यांना नाही.

तरंग साइन नसेल तर आणखी एक फरक पडतो. स्वस्त मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, आणि हा गुणक फक्त साइनसाठी बरोबर आहे. अधिक-उणे १० व्होल्टच्या चौकोनी तरंगावर तो ११.१ दाखवेल. आकडा नेमका अकरा टक्क्यांनी जास्त येत असेल तर मीटरवर "ट्रू आरएमएस" लिहिलंय का ते पाहा.

बंद तारेवर शंभर व्होल्ट

आता क्षेत्र दारात येऊन उभं राहतं. लांब केबल आहे. तिच्यातल्या एका तारेत २३० व्होल्ट, दुसरी न्यूट्रल, तिसरी दोन्ही टोकांना मोकळी. मीटर मोकळ्या तारेवर लावला तर ११५ व्होल्टच्या आसपास आकडा. याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात, पण यात गूढ काही नाही. शेजारच्या तारांमध्ये विद्युतक्षेत्र आहे, म्हणजेच कपॅसिटन्स आहे. केबलच्या दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धरले तर २० मीटर केबलमध्ये २ नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला त्याची रिअ‍ॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) सुमारे १.६ मेगाओहम. मोकळी तार दोन्ही शेजाऱ्यांशी सारखीच बांधलेली असेल तर ती मधोमध, ११५ व्होल्टवर तरंगते. १० मेगाओहमचा मीटर तिला जवळजवळ जराही खाली ओढत नाही, म्हणून आकडा भरभक्कम दिसतो. हीच तार कमी रोधाच्या मीटरने मोजली, ज्याचा आतला रोध समजा ३ किलोओहम आहे, तर अर्धा व्होल्टही दिसणार नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. "घोस्टच असणार" असं गृहीत धरून तारेला हात लावायचा नाही. आधी कमी रोधाच्या, त्या कामासाठीच बनवलेल्या दोन टोकांच्या टेस्टरने तपासायचं, आणि तपासण्याआधी व नंतर तो टेस्टर चालू असलेल्या तारेवर लावून तो चालतो याची खात्री करायची. खरा पुरवठा टेस्टरच्या भाराखाली कोसळत नाही, घोस्ट कोसळतो.

दोन मीटर, तेच दोन बिंदू, वेगळे आकडे

"एका वेढ्यातल्या व्होल्टेजांची बेरीज शून्य" हे वाक्य आपण इतक्या वेळा लिहिलेलं असतं की त्याला अट आहे हेच विसरतो. अट अशी : त्या वेढ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह (फ्लक्स, म्हणजे वेढ्यातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र) बदलत नसावा. बदलत असेल तर विद्युतक्षेत्राची वेढ्याभोवतीची बेरीज शून्य नसते. ती प्रवाहाच्या बदलाच्या दराइतकी आणि उलट चिन्हाची असते. गंमत म्हणजे फॅरडेने प्रेरणाचा शोध लावला १८३१ साली आणि किर्चहॉफने आपले नियम मांडले १८४५ साली, म्हणजे अट नियमाच्या आधीच हजर होती.

एक लांब सोलेनॉइड (तारेची नळीसारखी गुंडाळी) घ्या. त्याच्याभोवती तारेचं एकच कडं, कड्यात डावीकडे १०० ओहम आणि उजवीकडे ९०० ओहम. सोलेनॉइडमधलं क्षेत्र अशा दराने बदलतंय की कड्यात १ व्होल्ट प्रेरित होतो. एकूण रोध १००० ओहम, करंट १ मिलिअँपिअर. आता कड्याच्या वरच्या आणि खालच्या बिंदूंवर दोन मीटर लावा, एकाच्या तारा डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून. उजवा मीटर दाखवतो अधिक ०.९ व्होल्ट, डावा उणे ०.१. बिंदू तेच, लाल-काळे प्रोबही त्याच क्रमाने. अगदी चिन्हसुद्धा वेगळं!

रॉबर्ट रोमर यांनी १९८२ साली "अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स"मध्ये हा प्रश्न सविस्तर उलगडला आणि पुढे एमआयटीतल्या वॉल्टर लेविन यांच्या व्याख्यानामुळे तो सर्वदूर पोहोचला. स्पष्टीकरण आकृती काढली की समोर येतं. डावा मीटर, त्याच्या तारा आणि १०० ओहमचा रेझिस्टर मिळून एक वेढा होतो, आणि त्या वेढ्यात सोलेनॉइड नाही. म्हणून त्या वेढ्याला किर्चहॉफ लागू, आणि मीटरला १०० ओहमवरचाच फरक दिसतो. उजवीकडे तसंच ९०० ओहमचं. दोन मीटरांचा मिळून जो वेढा होतो त्यात मात्र सोलेनॉइड आहे, आणि म्हणूनच दोन आकड्यांत बरोबर १ व्होल्टचा फरक. अशा ठिकाणी "या दोन बिंदूंमधलं विभवांतर" असा एकच आकडा अस्तित्वात नसतो. मोजमाप कुठल्या वाटेने केलं यावर उत्तर ठरतं.

यावरून "किर्चहॉफचा नियम चुकतो का" असा वाद रंगतो. माझ्या मते तो बराचसा नावांचा वाद आहे. प्रेरित व्होल्टेजला वेढ्यातला एक स्रोत मानून समीकरणात घातलं की हिशेब जुळतो. फक्त तो स्रोत तारेच्या अमुक सेंटिमीटरवर बसलाय असं बोट ठेवून दाखवता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्यासाठी कामाची गोष्ट वेगळीच आहे : प्रोबच्या तारा कुठून जातात हे मापनाचा भाग आहे.

रोजच्या कामात सोलेनॉइड नसतो, पण ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्याजवळ ५० हर्ट्झचं १०० मायक्रोटेस्ला क्षेत्र आहे आणि प्रोबच्या तारांनी १०० चौरस सेंटिमीटरचा वेढा केला आहे असं धरा. प्रेरित होतात सुमारे ०.३ मिलिव्होल्ट. पाच व्होल्ट मोजताना याची दखलही घ्यायला नको, पण शंटवरचा १ मिलिव्होल्ट एसी मोजत असाल तर हे भलतंच महागात पडतं.

ओळखायचं कसं? तारा आहेत तशाच ठेवून दोन्ही प्रोब एकाच बिंदूवर टेकवा. सर्किटचा विचार करता आकडा शून्य यायला हवा. जे काही दिसेल ते तारांच्या वेढ्याने पकडलेलं. मग दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळा. वेढ्याचं क्षेत्रफळ जवळपास संपतं आणि आकडा खाली येतो.

प्रोब मूळ जागी असताना चढणारा एसी आकडा चुंबकीय क्षेत्रामुळे आहे की विद्युतक्षेत्रामुळे, हे वेगळं करायलाही सोपी युक्ती आहे. सप्लाय बंद करा, प्रोब सर्किटपासून सोडवा आणि दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. विद्युतक्षेत्रातून आलेला आकडा, म्हणजे घोस्टसारखा, लगेच कोसळतो, कारण त्याच्यामागे मेगाओहमांत मोजावी लागणारी रिअ‍ॅक्टन्स आहे. चुंबकीय प्रेरणेतून आलेला आकडा हलत नाही, कारण तिथे स्रोताचा रोध म्हणजे तारेचा रोध, एखादा ओहमसुद्धा नाही. उपाय यावरच ठरतो. पहिल्या प्रकाराला कवच किंवा कमी रोधाचं सर्किट लागतं. दुसऱ्याला तांब्याचं पातळ कवच ५० हर्ट्झला फारसं अडवत नाही, तिथे वेढाच लहान करावा लागतो किंवा अंतर वाढवावं लागतं.

तारेवर व्होल्टेज पडतं

आकृतीतली रेघ म्हणजे शून्य रोध, शून्य इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध), शून्य वेळ. ५० हर्ट्झची तरंगलांबी ६००० किलोमीटर आहे, त्यामुळे टेबलावर ही समजूत खपून जाते. १०० मेगाहर्ट्झला ती ३ मीटर होते आणि तीस सेंटिमीटरची तार म्हणजे "एकच बिंदू" असं म्हणणं अवघड जातं. त्याच्या बरंच आधी इंडक्टन्स त्रास देतो. सरळ तारेचा इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. १० सेंटिमीटरच्या ग्राउंड तारेत १ अँपिअर करंट १० नॅनोसेकंदांत बदलला तर त्या तारेवर १० व्होल्ट पडतात. आकृतीत तिची दोन्ही टोकं ग्राउंडच असतात.

ऑसिलोस्कोपवर दिसणारी कडेची थरथर अनेकदा इथूनच येते. प्रोबच्या १५ सेंटिमीटर ग्राउंड तारेचे १५० नॅनोहेन्री आणि टोकाचे १० पिकोफॅरड मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास दोलन करतात. सर्किटमध्ये फिल्टर घालण्याआधी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपवर टेकवा, क्लिप सर्किटच्या ग्राउंडलाच जोडलेली ठेवून. थरथर तरीही दिसली तर निदान तेवढी तरी प्रोबने पकडलेली आहे. लांब तार काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरा.

ही क्लिप कुठेही लावू नका, हेही इथेच सांगतो. मेन्सवर चालणाऱ्या बहुतेक स्कोपमध्ये ती थेट अर्थिंगला जोडलेली असते. सर्किटचा सप्लायही अर्थिंगशी बांधलेला असेल आणि क्लिप मधल्या एखाद्या नोडवर (जोडबिंदूवर) लावली, तर तो नोड अर्थला शॉर्ट होतो. मग आकडा का जुळत नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण एखादा घटक जळालेला असतो. मधल्या घटकावरचं व्होल्टेज पाहायचं असेल तर दोन चॅनेलचे दोन प्रोब त्याच्या दोन टोकांना लावा, दोन्ही क्लिप सर्किटच्या ग्राउंडवर ठेवा आणि स्कोपला वजाबाकी करायला सांगा. मेन्सशी थेट जोडलेल्या सर्किटावर तेही नको. तिथे डिफरन्शियल प्रोबच लागतो.